हिट कोणाचा, चूक कोणाची?

एका शालेय सॉफ्टबॉल सामन्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. फलंदाज मुलीने चेंडू जमिनीलगत टोलवला. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी असलेली क्षेत्ररक्षक पुढे धावली, वाकली, चेंडू तिच्या ग्लव्हला लागून बाजूला गेला. तो उचलून तिने पहिल्या बेसकडे फेकला, पण तोपर्यंत फलंदाज तेथे पोहोचली होती. पंचांनी हात पसरून ‘सेफ’ अशी खूण केली. येथवर कोणाचाच वाद नाही. परंतु मैदानाच्या कडेला टेबलाशी बसलेल्या गुणलेखक शिक्षकांपुढे आता खरा प्रश्न उभा राहतो. कागदावर काय लिहायचे? फलंदाजाने ‘हिट’ मिळवला, की क्षेत्ररक्षकाने ‘एरर’ म्हणजे चूक केली?

दोन्ही प्रकारांत मुलगी पहिल्या बेसवरच उभी आहे. सामन्याच्या निकालात काडीचाही फरक पडत नाही. मात्र स्पर्धा संपल्यावर निवड समिती आकडे पाहू लागते तेव्हा याच एका शब्दाने एका मुलीची सरासरी वाढलेली असते, नाही तर दुसरीच्या नावावर चूक चढलेली असते.

आपल्याकडे क्रिकेट घरोघरी समजते. नागपुरात तर सिव्हिल लाइन्सचे आणि जामठ्याचे अशी विदर्भ क्रिकेट असोसिएशनची दोन मैदाने आहेत. बेसबॉल त्या मानाने अपरिचित. तरी शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल व बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत आणि अनेक शिक्षकांवर कधी ना कधी गुणलेखनाची पाळी येते. हिटच्या व्याख्या या दोन्ही खेळांत जवळजवळ सारख्याच आहेत. त्या समजून घेण्यात आणखी एक लाभ आहे. विज्ञानात ‘व्याख्या’ कशासाठी करतात, ती कशी तपासतात आणि ती बदलली की मोजमाप कसे बदलते, हे विद्यार्थ्यांना मैदानावरच दाखवता येते.

मैदानाची ओळख

बेसबॉलच्या मैदानाचा गाभा म्हणजे एका टोकावर उभा केलेला चौरस. खालच्या कोपऱ्याला ‘होम’ म्हणतात. तेथून उजवीकडून सुरुवात करून पहिला, दुसरा व तिसरा बेस असे घड्याळाच्या उलट दिशेने फिरून पुन्हा होमला यायचे, की एक धाव पूर्ण झाली. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट म्हणजे २७.४३ मीटर असते. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये ते ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर असते. होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन रेषा ९० अंशांचा कोन करतात. या कोनाच्या आत टोलवलेला चेंडू ‘फेअर’, बाहेरचा ‘फाउल’. क्रिकेटमध्ये यष्टीमागेही फटका मारता येतो. येथे मात्र पूर्ण वर्तुळाचा फक्त चौथा भाग फलंदाजाच्या वाट्याला येतो.

फटका हवेतच झेलला तर फलंदाज बाद. चेंडू जमिनीवर पडला, तर फलंदाजाला बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावावेच लागते. तो पोहोचण्याआधी चेंडू पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला, तरीही तो बाद. म्हणजे जमिनीलगतचा प्रत्येक फटका ही धावणारा मनुष्य आणि फेकलेला चेंडू यांच्यातील शर्यत असते.

हिटचे चार प्रकार

फलंदाज फेअर चेंडू टोलवून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीची किंवा दुसऱ्या कोणाला बाद करण्याच्या त्याच्या निवडीची मदत न घेता, किमान पहिल्या बेसवर सुरक्षित पोहोचला, तर त्याला हिट मिळतो. किती बेस मिळवले त्यावरून हिटचे चार प्रकार होतात. पहिल्या बेसपर्यंत पोहोचला तर ‘सिंगल’, दुसऱ्यापर्यंत ‘डबल’, तिसऱ्यापर्यंत ‘ट्रिपल’ आणि चारही बेस पूर्ण करून होमला परतला तर ‘होमरन’. चेंडू फेअर भागातून थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन आपोआप मिळतो. हा आपल्या षटकाराचा भाऊ. चेंडू कुंपणाच्या आतच राहिला आणि फलंदाज धावून सर्व बेस फिरला, तरी तोही होमरनच.

चेंडू टप्पा पडून कुंपणापलीकडे गेला तर? क्रिकेटच्या सवयीने आपण त्याला चौकार म्हणू. बेसबॉलमध्ये अशा वेळी दोन बेस बहाल होतात आणि त्याची नोंद डबल म्हणून होते.

हे प्रकार फटक्याच्या जोरावरून ठरत नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटच्या कडेला लागून घरंगळत गेलेला चेंडू कोणालाही वेळेवर उचलता आला नाही तर तो सिंगल. आणि बंदुकीच्या गोळीसारखा गेलेला चेंडू नेमका क्षेत्ररक्षकाच्या ग्लव्हमध्ये शिरला तर फलंदाज बाद. हिट हे फटक्याच्या परिणामाचे नाव आहे, फटक्याच्या गुणवत्तेचे नव्हे.

एवढेच नव्हे, तर फलंदाज जेथे पोहोचला तोच बेस त्याला मिळेल असेही नाही. समजा, त्याने सिंगलचा फटका मारला. पुढचा धावपटू होमकडे निघाला म्हणून क्षेत्ररक्षकाने चेंडू होमकडे फेकला आणि ती संधी साधून फलंदाज दुसऱ्या बेसवर सरकला. येथे नोंद ‘सिंगल, आणि फेकीमुळे एक बेस पुढे’ अशी होते. दुसरा बेस त्याच्या बॅटने मिळवलेला नाही. तो क्षेत्ररक्षकाच्या निर्णयामुळे मिळालेला आहे.

हिट नसलेले प्रसंग

कोणतीही व्याख्या समजते ती तिच्या सीमेवर. फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला तरी हिट मिळत नाही, असे प्रसंग आता पाहू.

पहिला प्रसंग ‘वॉक’चा. पिचरने स्ट्राइकच्या क्षेत्राबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाज त्यांच्या मागे गेला नाही, तर त्याला चालत पहिल्या बेसवर जाता येते. चेंडू अंगाला लागला तरीही पहिला बेस मिळतो. दोन्ही वेळी चेंडू टोलवलेलाच नाही, म्हणून हिट नाही.

दुसरा प्रसंग एररचा. सर्वसाधारण प्रयत्नांनी बाद करता आले असते, पण क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला किंवा फेक भलतीकडे गेली, तर ती त्याची चूक. फलंदाजाला हिट नाही.

तिसरा प्रसंग ‘क्षेत्ररक्षकाची निवड’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या बेसवर आधीच एक धावपटू आहे. नव्या फलंदाजाने चेंडू टोलवताच त्याला पहिला बेस रिकामा करून दुसऱ्याकडे पळावे लागते. क्षेत्ररक्षकाने चेंडू दुसऱ्या बेसवर फेकून त्या धावपटूला बाद केले. दरम्यान फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. पण तो पोहोचला तो दुसऱ्याच्या बळीवर. त्याला हिट मिळत नाही.

चौथा प्रसंग ‘सॅक्रिफाइस’चा, म्हणजे त्यागाचा. फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हलकेच समोर पाडतो (याला ‘बंट’ म्हणतात), स्वतः बाद होतो आणि सहकाऱ्याला एक बेस पुढे जाऊ देतो. यात हिट तर नाहीच, पण ही खेळी त्याच्या सरासरीच्या भाजकातही धरत नाहीत. स्वतः बाद होऊन संघाचा लाभ करणाऱ्याला गणिताने शिक्षा होऊ नये, एवढाच यामागचा विचार.

वॉक, अंगाला लागलेला चेंडू आणि त्याग हे तीन प्रकार सोडून उरलेल्या खेळी ‘अधिकृत फलंदाजी’ धरल्या जातात. एरर आणि क्षेत्ररक्षकाची निवड मात्र भाजकात मोजली जाते. हिटची संख्या भागिले अधिकृत फलंदाजी म्हणजे फलंदाजीची सरासरी. ती दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत देतात.

एक उदाहरण करून पाहू. एक विद्यार्थिनी स्पर्धेत २४ वेळा फलंदाजीस आली. त्यांत दोन वॉक, एकदा चेंडू अंगाला लागला आणि एक त्याग. अधिकृत फलंदाजी झाल्या २०. त्यांत ४ सिंगल, २ डबल व १ होमरन, म्हणजे एकूण ७ हिट. सरासरी ७ भागिले २० म्हणजे ०.३५०. आता गुणलेखकाने तिच्या चार सिंगलपैकी दोन ठिकाणी ‘एरर’ लिहिले असते, तर हिट ५ आणि सरासरी ०.२५० झाली असती. मुलगी तीच, फटके तेच, धावाही त्याच. फक्त दोन शब्द बदलले आणि उत्तम फलंदाज सर्वसाधारण ठरली.

सरासरीत सिंगल आणि होमरन यांना सारखेच वजन असते. म्हणून आणखी एक गुणोत्तर काढतात. मिळवलेल्या बेसची बेरीज करायची: सिंगलचा १, डबलचे २, ट्रिपलचे ३, होमरनचे ४. वरील उदाहरणात ४ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १२ बेस. त्याला २० ने भागले की ०.६०० येतात. या आकड्यावरून फटक्यांतील ताकद कळते. एकाच खेळाडूविषयी दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कोणता प्रश्न विचारायचा आहे त्यावर आकड्याची निवड ठरते.

‘सर्वसाधारण प्रयत्न’ म्हणजे किती?

सगळा वाद ‘सर्वसाधारण प्रयत्न’ या दोन शब्दांभोवती फिरतो. तो थोडा गणिताने तपासू या. समजा, एखादा विद्यार्थी सरासरी सेकंदाला ५.५ मीटर वेगाने धावतो. सॉफ्टबॉलच्या मैदानावर होमपासून पहिल्या बेसपर्यंतचे १८.२९ मीटर अंतर कापण्यास त्याला सुमारे ३.३ सेकंद लागतील. टोलवलेला चेंडू क्षेत्ररक्षकापर्यंत १.४ सेकंदांत आला, त्याने उचलून फेकण्याच्या तयारीस ०.८ सेकंद घेतले आणि २० मीटर अंतरावरील पहिल्या बेसकडे सेकंदाला २० मीटर वेगाने फेकला, तर आणखी १ सेकंद. एकूण ३.२ सेकंद. फलंदाज एक दशांश सेकंदाने बाद होतो. चेंडू हातात किंचित उसळला आणि अर्धा सेकंद वाया गेला, की तोच फलंदाज सुरक्षित.

आता त्या अर्ध्या सेकंदाचे कारण काय? मैदानावरच्या खड्यावर चेंडू अनपेक्षित उसळला असेल तर नियमाप्रमाणे तो हिट. चेंडू इतक्या जोरात किंवा इतक्या हळू आला की नेहमीच्या प्रयत्नांनी बाद करणे शक्यच नव्हते, तरीही हिट. चेंडू सरळ हातात आला आणि निसटला, तर एरर. सर्वसाधारण प्रयत्न म्हणजे त्या पातळीवरील त्या जागी खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूने मैदानाची व हवेची स्थिती लक्षात घेऊन केला असता तो प्रयत्न. म्हणजे आठवीच्या मुलाकडून व्यावसायिक खेळाडूची अपेक्षा धरायची नाही. शंका राहिलीच, तर बेसबॉलचे नियम ती फलंदाजाच्या बाजूने सोडवण्यास सांगतात.

थोडक्यात, सुरुवातीच्या प्रसंगातील शिक्षकांनी तीन गोष्टी पाहायच्या: चेंडू कसा आला, क्षेत्ररक्षकाला किती हलावे लागले, आणि चेंडू स्वच्छ हातात आला असता तर फलंदाज खरोखर बाद झाली असती काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चेंडू निसटला तरी तो हिटच.

क्रिकेटमध्ये वेगळा हिशेब

क्रिकेटनेही श्रेयाची वाटणी केली आहे, पण वेगळ्या जागी रेषा आखून. झेल सुटला आणि फलंदाजांनी दोन धावा पळून काढल्या, तर त्या फलंदाजाच्या खात्यावर जमा होतात. क्षेत्ररक्षकाची चूक धावफलकावर कोठेच दिसत नाही. क्रिकेटचा प्रश्न आहे तो चेंडू बॅटला लागला की नाही हा. बॅट धरलेल्या हाताला किंवा त्यावरील ग्लव्हला लागला तरी तो बॅटलाच लागला असे धरतात. शरीराला लागून धावा काढल्या तर लेगबाय. कशालाच न लागता काढल्या तर बाय. लेगबाय मिळण्यासाठी फलंदाजाने फटका मारण्याचा किंवा चेंडू चुकवण्याचा प्रयत्न केलेला असला पाहिजे. येथे पंचांना हेतूविषयी निर्णय द्यावा लागतो. क्रिकेटमध्ये सर्व काही वस्तुनिष्ठ आणि बेसबॉलमध्ये मात्र मताचा प्रश्न, असा समज म्हणूनच बरोबर नाही.

बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यावर पडत नाहीत. म्हणून एखाद्या षटकात चार बाय निघाल्या तरी ते षटक निर्धाव ठरू शकते. विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत मणिपूरविरुद्ध चारही षटके निर्धाव टाकून दोन बळी घेतले. वीस षटकांच्या सामन्यात हे पृथक्करण जवळजवळ अविश्वसनीय वाटते. ते वाचताना ‘निर्धाव’ म्हणजे गोलंदाजाच्या खात्यावर धाव नाही, एवढाच अर्थ घ्यायचा असतो. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर मांडण्याची पद्धत तर १९८० च्या दशकात रूढ झाली. त्याआधीचे आणि नंतरचे गोलंदाजीचे आकडे शेजारी ठेवताना हा फरक विसरून चालणार नाही.

श्रेय कोणाचे, याविषयी शंकेला अजिबात जागा नसलेले प्रसंगही असतात. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. तिघेही त्रिफळाचीत. क्षेत्ररक्षकाचा हात नाही, पंचांच्या अंदाजाचा प्रश्न नाही. त्याच सामन्यात सुनील गावस्करांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील ते त्यांचे एकमेव शतक. पण अशी स्वच्छ उदाहरणे नेहमी मिळत नाहीत.

१४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. शेवटच्या षटकात बेन स्टोक्स दुसरी धाव पूर्ण करण्यासाठी झेपावला आणि मार्टिन गप्टिलची फेक त्याच्या बॅटला लागून सीमापार गेली. पंचांनी सहा धावा दिल्या: दोन पळालेल्या आणि चार ओव्हरथ्रोच्या. नियम असा आहे की, फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले असेल तरच चालू असलेली धाव मोजायची. दूरचित्रवाणीवर पाहता त्या क्षणी त्यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलेले नव्हते. म्हणजे पाचच धावा व्हायला हव्या होत्या. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि अधिक चौकार-षटकारांच्या आधारे इंग्लंड विजेते ठरले. पंच कुमार धर्मसेना यांनी पुढे ती चूक झाल्याचे मान्य केले. गमतीचा भाग असा की, त्या सहाही धावा स्टोक्सच्या खात्यावर जमा आहेत. बेसबॉलमध्ये फेकीमुळे मिळालेले असे बेस फलंदाजाच्या हिटमध्ये कधीच धरले गेले नसते.

सामना संपवणाऱ्या फटक्याविषयीही दोन्ही खेळांना नियम करावे लागले. बेसबॉलमध्ये विजयी धाव तिसऱ्या बेसवरील खेळाडूने काढली, तर फलंदाजाचा फटका कितीही लांब गेला तरी त्याला सिंगलच मिळतो, कारण विजयासाठी त्या धावपटूला एकच बेस हवा होता; अपवाद फक्त कुंपणापलीकडच्या होमरनचा. क्रिकेटमधील उदाहरण वीरेंद्र सेहवागचे. ऑगस्ट २०१० मध्ये दंबुला येथे तो ९९ धावांवर खेळत होता आणि भारताला एकच धाव हवी होती. सूरज रणदिवच्या चेंडूवर त्याने षटकार मारला, परंतु तो नोबॉल होता. नोबॉलची धाव मिळताच सामना संपला; षटकार मोजला गेला नाही आणि सेहवाग ९९ वर नाबाद राहिला.

व्याख्या बदलते तेव्हा

व्याख्या कायमच्या नसतात. १८८७ च्या हंगामात अमेरिकेतील बेसबॉलमध्ये वॉक हा हिट धरला गेला. त्या एका वर्षी फलंदाजांच्या सरासऱ्या एकदम फुगल्या. खेळाडू काही एका हिवाळ्यात बलवान झाले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला चेंडू १९३० च्या आसपासपर्यंत होमरन धरला जात असे. नंतर तो डबल झाला. क्रिकेटमध्येही इंग्लंडात १९१० पर्यंत षटकारासाठी चेंडू नुसता सीमेपलीकडे जाणे पुरेसे नव्हते, तो मैदानाबाहेर जावा लागे. तेव्हाच्या फलंदाजांच्या नावावर षटकार कमी दिसतात त्याचे हे एक कारण.

नागपूरच्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण फेब्रुवारी २०२५ मधले आहे. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरातचे नऊ गडी बाद झाले होते आणि आघाडीसाठी तीनच धावा हव्या होत्या. आदित्य सरवटे, जो आधी अनेक वर्षे विदर्भाकडून खेळला, केरळकडून गोलंदाजी करत होता. नागवासवालाने जोरदार फटका मारला; चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि कर्णधार सचिन बेबीने तो झेलला. गुजरात ४५५ वर सर्वबाद. दोन धावांच्या आघाडीने केरळ प्रथमच अंतिम फेरीत आले. सप्टेंबर २०१७ पर्यंतच्या नियमांनुसार क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागलेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद होत नसे. ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी तो झेल वैध ठरवला. अंतिम सामना जामठ्याला झाला. त्यात विदर्भाच्या ३७९ धावांना केरळचे उत्तर ३४२ होते. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने करंडक जिंकला. एका व्याख्येतील एक ओळ बदलली नसती, तर जामठ्यात विदर्भासमोर कदाचित दुसराच संघ उभा असता.

नोंद करणाऱ्याची जबाबदारी

व्याख्या कितीही चांगली असली तरी ती वापरणारा प्रामाणिक हवा. १९१० साली अमेरिकेत टाय कॉब आणि नॅप लाजवे यांच्यात सर्वोच्च सरासरीसाठी चुरस होती; विजेत्याला मोटारगाडी मिळणार होती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी लाजवेने दोन सामन्यांत मिळून आठ हिट मिळवले आणि त्यांतील बहुतेक साधे बंट होते. प्रतिस्पर्धी संघाने तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाला मुद्दाम खूप मागे उभे केले होते! नियमांच्या भाषेत ते सारे हिटच, कारण मागे उभा असलेला खेळाडू सर्वसाधारण प्रयत्नांनी वेळेवर पोहोचूच शकत नव्हता. एका खेळीची नोंद हिट झाली नव्हती. ती बदलावी म्हणून गुणलेखकाला आमिषही दाखवले गेले. त्याने नकार दिला. पुढे त्या संघाचा व्यवस्थापक आणि त्याचा साहाय्यक या दोघांनाही काढून टाकण्यात आले. कॉब किंचित पुढे असल्याचे जाहीर झाले. मोटारी मात्र दोघांनाही मिळाल्या. सुमारे सत्तर वर्षांनी जुने कागद तपासताना आढळले की, कॉबच्या एका सामन्याची नोंद दोनदा झाली होती. म्हणजे एकाच्या आकड्यात हेतुपुरस्सर केलेली भेसळ, तर दुसऱ्याच्या आकड्यात नकलताना झालेली चूक. प्रयोगशाळेतील नोंदवहीलाही हेच दोन धोके असतात.

अलीकडे या प्रश्नाकडे भौतिकशास्त्राच्या वाटेनेही पाहिले जाते. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक मैदानांवर २०१५ पासून यंत्रांच्या साहाय्याने बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग आणि क्षितिजाशी होणारा कोन मोजतात. कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तर जमिनीलगतचा फटका, १० ते २५ अंश असेल तर सरळ सणसणीत फटका, २५ ते ५० अंश असेल तर उंच फटका आणि त्याहून अधिक असेल तर नुसताच वर उडालेला चेंडू. वेग ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर किंवा अधिक असेल तर तो जोरदार फटका. या वर्गीकरणात क्षेत्ररक्षक काय करतो याचा संबंधच नाही. त्यामुळे मतभेद मिटतात. मात्र ९ अंश आणि ११ अंश यांत निसर्गाने काही भिंत उभी केलेली नाही. सीमा माणसानेच आखली आहे. हिट आणि एरर यांची जुनी नोंदही यामुळे बंद झालेली नाही, कारण तिचा प्रश्न वेगळा आहे. यंत्र ‘फटका कसा होता’ हे सांगते. ‘फलंदाज बेसवर कोणामुळे पोहोचला’ हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.

वर्गात करून पाहण्याजोगे

शाळेच्या मैदानावर रबरी चेंडूने हा प्रयोग सहज करता येईल. दहा विद्यार्थी खेळतील आणि चार विद्यार्थी वेगवेगळ्या जागी बसून नोंदी करतील. नोंदी करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही. फलंदाज पहिल्या बेसवर सुरक्षित पोहोचला असे २५ प्रसंग होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. प्रत्येक वेळी ‘हिट’, ‘एरर’ किंवा ‘निवड’ यांपैकी एक शब्द लिहायचा. नंतर चौघांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि किती प्रसंगांत चौघांचे एकमत झाले त्याची टक्केवारी काढावी.

मतभेदाचे प्रसंग निवडून त्यांवर चर्चा करावी. ‘क्षेत्ररक्षकाला दोनपेक्षा अधिक पावले धावावे लागले तर हिट’ अशासारखी एखादी सोपी कसोटी विद्यार्थ्यांनीच सुचवावी. ती लिहून घेऊन प्रयोग पुन्हा करावा. एकमताची टक्केवारी वाढली का? आणि वाढली असल्यास, नवी कसोटी काही प्रसंगांत उघड अन्याय तर करत नाही ना? पहिला प्रश्न मोजमापाच्या विश्वसनीयतेचा आहे, दुसरा त्याच्या यथार्थतेचा. हे दोन्ही शब्द पुस्तकातून शिकवण्यापेक्षा असे शिकवणे अधिक सोपे जाते.

चारही नोंदी करणाऱ्यांत एक जण क्षेत्ररक्षकाचा जिवलग मित्र असेल, तर त्याच्या नोंदींत एरर कमी दिसतात का, हेही जाता जाता पाहावे. त्याचे हसे न करता सर्वांनी मिळून पाहावे; कारण उद्या उत्तरपत्रिका तपासताना आपण शिक्षकही त्याच जागी बसलेले असतो. विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर किती त्याचे, प्रश्नाची भाषा किती अवघड होती आणि सर्वसाधारण प्रयत्नांनी त्याला काय जमायला हवे होते, हे ठरवून आपण गुण देतो. त्यापूर्वी कसोटी लिहून ठेवणे, शंका आल्यास विद्यार्थ्याला तिचा फायदा देणे आणि एकदा केलेली नोंद कोणाच्या आग्रहाखातर न बदलणे, या तीन गोष्टी बेसबॉलच्या गुणलेखकाकडून घेण्यासारख्या आहेत.